आर शिकायचं, तर पुस्तक कुठलं घ्यावं?

गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एका विषयाची पत्रं इतकी होती की या महिन्याचं सदर त्यालाच दिलं आहे. संख्याशास्त्राची संगणकभाषा ‘आर’ शिकायची आहे, पुस्तक सुचवा, असं ठाण्यातून आणि नवी मुंबईतून वेगवेगळ्या वयाच्या वाचकांनी विचारलं आहे. त्यातली चार पत्रं घेतली आहेत.

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, त्याला फार वर्षं झाली. मधे मुलांसाठी नोकरी सोडली होती. आता रबाळ्याला एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. स्टॅबिलिटीचा, म्हणजे औषध किती काळ टिकतं याचा, डेटा माझ्याकडे असतो. सगळं काम एक्सेलवर चालतं, पण साहेब म्हणाले की आर शिकून घ्या. भाच्याने सात पुस्तकांची यादी पाठवली आहे, ती सोबत जोडते. सगळी घ्यायची तर घरखर्चाला कात्री लावावी लागेल. रात्री तासभर वेळ मिळतो. कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करू?
एक वाचक भगिनी, कोपरखैरणे

तुमच्या भाच्याची यादी नीट पाहिली. सातही पुस्तकं चांगली आहेत, पण ती सात वेगळ्या माणसांसाठी लिहिलेली आहेत, आणि तुमच्यासारखी वाचक त्यातल्या एकाही लेखकाच्या डोळ्यांपुढे नव्हती. म्हणून यादीत नसलेलं आठवं पुस्तक मी तुम्हाला सुचवणार आहे. ते का, हे आधी सांगते, म्हणजे पुढच्या वेळी यादी आली की तुमची तुम्हालाच निवड करता येईल.

आर शिकायला येणारा माणूस दोन गोष्टी घेऊन येतो किंवा घेऊन येत नाही: संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग. बहुतेक पुस्तकं यातली एक तुम्हाला येते असं गृहीत धरून दुसरी शिकवतात. प्रस्तावना वाचली की हे कळतं, पण प्रस्तावना कुणी वाचत नाही. तुम्हाला संख्याशास्त्र एकेकाळी येत होतं, आता ते गंजलं आहे. प्रोग्रॅमिंग कधीच केलेलं नाही. तेव्हा टी-टेस्ट, रिग्रेशन, अनोव्हा यांची उजळणी करत करत आर शिकवणारं पुस्तक तुम्हाला हवं.

ते पुस्तक म्हणजे पीटर डालगार्ड यांचं ‘इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स विथ आर’. दुसरी आवृत्ती २००८ ची आहे, तीच घ्या. डालगार्ड डेन्मार्कचे जीवसंख्याशास्त्रज्ञ, आणि आर सांभाळणाऱ्या मुख्य गटातले. पुस्तक बारीक आहे, त्यातली उदाहरणं वैद्यकातली आहेत आणि सरावप्रश्नांची उत्तरं शेवटी दिली आहेत. एकट्याने रात्री अभ्यास करणाऱ्याला उत्तरं असणं फार मोलाचं असतं, कारण विचारायला शेजारी कुणी नसतं.

तुमच्या कामाशी त्याचा थेट संबंध दाखवते. स्टॅबिलिटीत तुम्ही औषधाचे नमुने ३० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेला ठेवता, ०, ३, ६, ९, १२, १८, २४ महिन्यांनी काढून औषधी घटक किती टक्के उरला ते मोजता, आणि त्यावरून मुदत ठरते. आयसीएच या औषध-नियमांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू-१-ई या मार्गदर्शिकेत त्याची रीत दिलेली आहे: महिन्यांवर टक्केवारीची रेषा बसवायची, त्या रेषेच्या सरासरीची ९५ टक्के विश्वासाची खालची मर्यादा काढायची, आणि ती मर्यादा ठरलेल्या किमान टक्केवारीला जिथे छेदते तिथपर्यंत मुदत धरायची. डालगार्ड यांचं सहावं प्रकरण रिग्रेशनचं, म्हणजे अशी रेषा बसवण्याचं आहे, आणि त्यात रेषेभोवतीच्या नेमक्या याच मर्यादांच्या पट्ट्यांवर एक स्वतंत्र भाग आहे. रेषेच्या सरासरीचा पट्टा वेगळा आणि पुढच्या एकेका मोजणीचा पट्टा वेगळा, हा फरक तिथे आकृतीसह समजतो. एक्सेलमध्ये आलेखावर ट्रेंडलाइन टाकली की रेषा मिळते, पट्टा मिळत नाही. आरमध्ये ‘एलएम’ने रेषा बसवायची आणि ‘प्रेडिक्ट’ला पट्टा मागायचा, दोन ओळींचं काम. एक बारकावा मात्र वहीत लिहून ठेवा. ‘प्रेडिक्ट’ दोन्ही बाजूंची मर्यादा देतं. तुम्हाला फक्त खालच्या बाजूची ९५ टक्के हवी असेल, तर त्याच्याकडे ९० टक्क्यांचा पट्टा मागावा लागतो. ९५ च मागितलात तर मुदत विनाकारण कमी निघेल.

पुढे तीन बॅचेसचा डेटा एकत्र करता येतो का, हा प्रश्न येईलच. सगळ्या बॅचेसच्या रेषांचा उतार सारखा आहे का, सुरुवात सारखी आहे का, हे तपासायचं असतं, आणि क्यू-१-ईमध्ये त्या तपासणीसाठी नेहमीच्या ०.०५ ऐवजी ०.२५ ही पातळी सांगितली आहे. बॅचेस फार कमी असतात, त्यामुळे खरा फरक नजरेतून निसटू नये म्हणून ही काळजी. याचं संख्याशास्त्र डालगार्ड यांच्या बाराव्या प्रकरणात, सहप्रसरण विश्लेषणाच्या, म्हणजे गटागटांच्या रेषांची तुलना करण्याच्या भागात आहे. म्हणजे पहिली चार प्रकरणं, मग सहावं, मग मधलं लागेल तसं, आणि बारावं. एवढं मन लावून झालं तर तुमच्या टेबलावरचं काम तुम्ही आरमध्ये करू शकाल.

या पुस्तकातली एकच सवय उचलू नका. डालगार्ड प्रत्येक उदाहरणाआधी ‘अटॅच’ ही आज्ञा वापरतात, म्हणजे मग तक्त्याचं नाव न घेता नुसतं स्तंभाचं नाव लिहिता येतं. शिकवताना ते सोयीचं आहे, पण दोन तक्त्यांत एकाच नावाचा स्तंभ असला की कुठला वापरला जातोय ते कळत नाही, आणि आर तक्रारही करत नाही. तुमच्या कामात प्रत्येक बॅचच्या तक्त्यात ‘महिना’ आणि ‘टक्के’ असणारच. ‘डेटा बरोबर अमुक’ (data = तक्त्याचं नाव) असं दरवेळी लिहायची शिस्त पहिल्या दिवसापासून ठेवा.

आता भाच्याच्या यादीबद्दल. ‘आर फॉर डेटा सायन्स’ हे हॅडली विकहॅम, मीने चेतिनकाया-रुंडेल आणि गॅरेट ग्रोलमंड यांचं पुस्तक मला मनापासून आवडतं. डेटा आत घेणं, साफ करणं, आलेख काढणं हे त्याच्याइतकं छान कुणी शिकवत नाही. पण २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीतून मॉडेलिंगचा भाग काढून टाकला आहे. तुम्हाला पट्टा हवा, तो त्यात नाही. ते दुसरं पुस्तक म्हणून ठेवा, आणि विकतही घेऊ नका: लेखकांनी ते इंटरनेटवर संपूर्ण फुकट ठेवलं आहे. छापील प्रतच हवी असेल तर एक सांगते. ओरायली प्रकाशनाची पुस्तकं भारतात स्वस्तात छापणारे श्रॉफ पब्लिशर्स आपल्या नवी मुंबईतलेच. त्यांच्या बऱ्याच प्रती काळ्या-पांढऱ्या असतात. या पुस्तकातले आलेख रंगांवर उभे आहेत, राखाडी छपाईत लाल कुठला आणि हिरवा कुठला हे कळणार नाही. आलेखांचं प्रकरण पडद्यावरच वाचा.

‘अ‍ॅडव्हान्स्ड आर’ आणि ‘द आर्ट ऑफ आर प्रोग्रॅमिंग’ ही प्रोग्रॅमरांची पुस्तकं आहेत, आज ती कपाटातच राहतील. मायकेल क्रॉली यांचं ‘द आर बुक’ हजारेक पानांचं आहे. ते संदर्भाला उत्तम, पण पहिल्या पानापासून वाचत गेलात तर दिवाळीपर्यंत उत्साह संपेल. ‘अ‍ॅन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग’ फार सुंदर आहे आणि तेही लेखकांनी फुकट दिलं आहे, पण त्याचा विषय अंदाज बांधणं हा आहे, तुमच्या मुदतीच्या प्रश्नाला ते उशिरा लागेल. उरलेली दोन बघायची घाई नको.

विद्यापीठाच्या दिवसांतली संख्याशास्त्राची भाषा पुन्हा कानावर पडावी असं वाटलं तर सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख यांचं ‘स्टॅटिस्टिक्स यूझिंग आर’ पाहा. नरोसा प्रकाशनाचं हे २००८ चं पुस्तक. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात वाढलेल्या माणसाला ते पटकन ओळखीचं वाटतं. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात माजी विद्यार्थिनी म्हणून विचारून बघा.

शेवटची गोष्ट, आणि ही मी आग्रहाने सांगते. कंपनीचा डेटा सरावासाठी घरी आणू नका, पेन ड्राइव्हवरही नाही आणि स्वतःला मेल करूनही नाही. त्याऐवजी आरलाच तसा डेटा बनवायला सांगा: दर महिन्याला ठरावीक टक्के घट आणि वर थोडा यादृच्छिक फरक. असा फरक बनवणारी ‘आरनॉर्म’ ही आज्ञा डालगार्ड यांच्या तिसऱ्या प्रकरणात येते. यात एक मोठा फायदा असा की खरी घट किती, हे तुम्हाला आधीच माहीत असतं. आरने काढलेलं उत्तर त्याच्याजवळ येतं का ते ताडून पाहता येतं. नौपाड्यात रविवारी माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार मंडळींना मी हीच सवय लावते. डेटा स्वतः बनवला की पुस्तकातलं सूत्र कशासाठी आहे, हे त्यांना फार लवकर उमगतं.

मॅडम, मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आरवरचं एकच पुस्तक आहे, २०१० च्या आसपासचं. त्यातला कोड जसाच्या तसा टाइप केला तरी वेगळंच उत्तर येतं, कधी एरर येते. सर म्हणतात, पुस्तक जुनं झालं, सोडून दे. खरंच सोडू का?
एक विद्यार्थी, कळवा

सोडू नकोस. पण पुस्तक कुठल्या आरसाठी लिहिलंय ते आधी बघ, प्रस्तावनेत किंवा पहिल्या प्रकरणात आवृत्तीचा क्रमांक असतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आर लिहायला घेतलं. १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ला आली. तुझं पुस्तक २ च्या घरातल्या आवृत्तीसाठी असणार आणि तुझ्या संगणकावर ४ च्या पुढचं काहीतरी आहे.

या दोघांमधला तुला छळणारा मोठा फरक बहुतेक हा असेल. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ४.०.० पर्यंत, फाइल आत घेतली की मजकुराचा स्तंभ आपोआप ‘फॅक्टर’ व्हायचा, म्हणजे गटांचा स्तंभ. ४.०.० पासून तो साधा मजकूरच राहतो. त्यामुळे पुस्तकात ‘समरी’ दिल्यावर ‘मुलगे इतके, मुली इतक्या’ असं दिसतं, आणि तुला नुसतं ‘कॅरेक्टर’ दिसतं. फाइल वाचतानाच ‘स्ट्रिंग्स अ‍ॅज फॅक्टर्स बरोबर ट्रू’ (stringsAsFactors = TRUE) असं लिही, पुस्तकातलं उत्तर परत येईल.

एरर येते ती बहुधा एखाद्या पॅकेजमुळे, म्हणजे आरला वरून जोडायच्या आज्ञांच्या संचामुळे. ते पॅकेज आता इंटरनेटवरच्या पॅकेजांच्या भांडारात नसेल किंवा त्यातल्या आज्ञांची नावं बदलली असतील. अशा वेळी तेवढं प्रकरण फुकट मिळणाऱ्या नव्या पुस्तकातून कर. आरच्या गाभ्यातल्या गोष्टी, म्हणजे व्हेक्टर, इंडेक्स, लूप, फंक्शन लिहिणं, ‘एलएम’, या तुझ्या पुस्तकात आहेत तशाच आजही चालतात. संख्याशास्त्र तर जुनं होतच नाही. माझा सल्ला असा की प्रत्येक न चालणारी ओळ एका चिठ्ठीवर टिपून ठेव आणि का चालली नाही ते शोधून खाली लिही. ग्रंथालयाचं पुस्तक आहे, तेव्हा चिठ्ठी लाव, पानावर लिहू नकोस. तुझ्यामागून ते पुस्तक घेणाऱ्या मुलाला ती चिठ्ठी फार उपयोगी पडेल. आणि ग्रंथपालांना एक अर्ज दे, नव्या आवृत्तीची मागणी कर. विद्यार्थी मागणी करत नाहीत म्हणून पुस्तकं येत नाहीत, हे मी शिकवत असताना पुष्कळ पाहिलं आहे.

आमच्या क्लिनिकल रिसर्च कंपनीत सगळं सॅस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर चालतं. आर शिकण्यात अर्थ आहे का? असल्यास पुस्तक?
एक वाचक, घणसोली

आहे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे की संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी अमुकच सॉफ्टवेअर वापरा अशी त्यांची अट नाही. सॅस सोडू मात्र नका, तुमची रोजीरोटी ते आहे. तुमच्यासाठी केन क्लाइनमन आणि निकोलस हॉर्टन यांचं ‘सॅस अँड आर’ घ्या, दुसरी आवृत्ती २०१४ ची. एकेक काम दोन्ही भाषांत शेजारीशेजारी मांडलेलं आहे, त्यामुळे येतं त्याच्या आधाराने न येणारं शिकता येतं. आज केलेला प्रत्येक सॅस तक्ता संध्याकाळी आरमध्ये पुन्हा काढा आणि आकडे जुळतात का पाहा. शतमक (पर्सेंटाइल) आणि प्रकार-तीनच्या वर्गबेरजांचे (टाइप थ्री सम्स ऑफ स्क्वेअर्स) आकडे सुरुवातीला जुळणार नाहीत, कारण दोन्हीकडच्या मूळ व्याख्या वेगळ्या आहेत. ते का, हे शोधण्यातच तुमचं खरं शिक्षण होईल.

आदरणीय बाई, मी निवृत्त आहे. गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून मी बरीच वर्षं पावसाची नोंद वहीत करतो आहे. नातीने लॅपटॉपवर आर घालून दिलं. या वयात ते शिकता येईल का? इंग्रजी वाचता येतं, पण जाडजूड पुस्तक झेपणार नाही.
एक ज्येष्ठ वाचक, पाचपाखाडी

काका, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. जे शिकणाऱ्यांना महिनोन् महिने मिळत नाही ते तुमच्याकडे आहे: स्वतः जमवलेला डेटा आणि त्याबद्दलचा प्रश्न. पूर्ण पुस्तक तुम्हाला लागणारच नाही. वर लिहिलेलं ‘आर फॉर डेटा सायन्स’ नातीला पडद्यावर उघडून द्यायला सांगा आणि त्यातली चारच प्रकरणं वाचा: आलेखांचं पहिलं, फाइल आत घेण्याचं, तारखांचं आणि गहाळ नोंदींचं. दुसऱ्या आवृत्तीत तारखा आणि गहाळ नोंदी ही प्रकरणं लागोपाठच आहेत.

वही संगणकावर उतरवताना काही पथ्यं पाळा. वहीत तुम्ही मराठी आकडे लिहीत असाल, पण एक्सेलमध्ये इंग्रजी आकडेच टाइप करा. ‘१२’ ही आरला संख्या वाटत नाही, अक्षरं वाटतात, आणि बेरीज मागितली की ते अडतं. स्तंभांची नावं मराठीत हवी असतील तर आर ४.२ किंवा त्यापुढचं आहे ना ते नातीला बघायला सांगा. विंडोजवर देवनागरी नीट चालायला २०२२ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून खरी सोय झाली.

तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच लिहा आणि आरला तसं सांगा, नाहीतर ७ ऑगस्टचा पाऊस ८ जुलैला जाऊन बसेल. त्याहून महत्त्वाचं, तुमची नोंद कुठल्या चोवीस तासांची आहे ते ठरवा. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, म्हणजे त्या सकाळच्या आकड्यात आदल्या दिवसाचाच पाऊस जास्त असतो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटरचा आकडा २७ च्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा आहे. तुमची वही तेव्हाची असेल आणि तुम्ही संध्याकाळी मोजत असाल, तर तुमचा आकडा दोन तारखांत विभागलेला असेल. त्यात चूक काही नाही, फक्त रीत एकच ठेवा आणि पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि गावाला गेला होतात त्या दिवसांपुढे शून्य कधीही लिहू नका. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. तुम्ही नव्हता, म्हणजे माहीत नाही. ती जागा रिकामी सोडा, आर तिथे ‘एनए’ धरतं. मग महिन्याची बेरीज मागितली की तेही ‘एनए’ असंच उत्तर देईल. अशा वेळी रिकाम्या जागा वगळायला सांगता येतं, पण सांगण्याआधी त्या महिन्यात किती दिवस रिकामे आहेत ते मोजा. जुलैतले दहा दिवस नसतील तर त्या जुलैची बेरीज इतर वर्षांच्या जुलैशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. पावसाचे दिवस मोजायचे असतील तर हवामान खात्याची व्याख्या वापरा: २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस. सरासरीबरोबर मध्यकही काढा, कारण २००५ सारखा एक दिवस अख्ख्या जुलैची सरासरी वर ओढतो.

सगळ्या वह्या एकदम टाइप करत बसू नका. एका वर्षाच्या जून ते सप्टेंबरच्या नोंदी घाला, रोजच्या पावसाचा आलेख काढा आणि वहीशी पडताळून पाहा. २३.५ च्या जागी २३५ पडला असेल तर तो खांब लगेच डोळ्यांत भरेल. ते दुरुस्त केलं की पुढचं वर्ष घ्या.